घरोटाची लय आणि लुळा हात

ओवीचा विचार आपण बहुधा वाङ्मयाच्या अंगाने करतो. तिच्यातील माहेर, तिच्यातील विठ्ठल, तिच्यातील सासुरवास यांवर आपण पुष्कळ बोलतो. परंतु ओवी जशी कंठातून निघाली तशी ती दंडातूनही निघाली, याकडे आपले लक्ष कमी जाते. गाणे हात कसे चालविते, आणि लकव्याने हात लुळा पडल्यावर ते त्याला पुन्हा चालवू शकेल काय, या दोन प्रश्नांचा इतिहास आम्हांला येथे मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ आम्ही खानदेशातूनच करतो. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. या मुलखात जात्याला घरोट म्हणतात. असोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना (1880–1951), लिहितावाचता येत नव्हते. घरोटावर आणि शेतात काम करता करता त्यांची गाणी जन्मली. चिरंजीव सोपानदेवांमुळे ती जपली गेली आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्री-जीवन’ सिद्ध केले. पुढे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढी संपत्ती ज्या कामाने निर्माण केली, ते काम तरी कसे होते?

दळणारी खुंटा धरून बसे. हात पुढे जाई तेव्हा कोपर उलगडे, मागे येई तेव्हा ते मिटे. खांदा आणि पाठ त्याच्याबरोबर डुलत. दुसरा हात मोकळा होताच मूठभर दाणे पाळूच्या तोंडात पडत. दोघी समोरासमोर बसल्या तर एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. तेव्हा एकीचा ओढा आणि दुसरीचा रेटा यांचा मेळ बसणे अवश्य असे, आणि तो मेळ गाणे घालून देई. ओवीच्या चरणांतील अक्षरे मोजून जुळत नाहीत, ती लांबतात आणि आखडतात. कारण त्यांना माप छंदःशास्त्राचे नसून फेऱ्याचे होते.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरोट कोपऱ्यात गेले. यात हळहळण्यासारखे काही आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पहाटेची ती रगड सोसणाऱ्या बाईला विसावा मिळाला, हे उत्तमच झाले. मात्र कष्टाबरोबर हाताला लय देणारी एक विद्याही घराबाहेर गेली.

आता लकव्याकडे वळू. पक्षाघाताचे वर्णन चरक-सुश्रुतांनी वातव्याधींत केले आहे. आज आपण जाणतो की, मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि मेंदूच्या ज्या बाजूस इजा होते तिच्या विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे होतात. हात जागेवर असतो. त्याला हुकूम पोचत नाही. पण उरलेला मेंदू पुनःपुन्हा केलेल्या सरावाने नवे मार्ग घडवू शकतो. तालाचा उपयोग येथेच होतो. पुढचा ठोका केव्हा पडेल हे कानाला आधीच कळते, म्हणून हालचालीची तयारीही आधीच सुरू होते. शिवाय शंभर वेळा हात हलविणे कंटाळवाणे असते. गाण्यात ते शंभर वेळा होऊन जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून संगीतोपचाराला बळ मिळाले आणि 1950 साली तेथे त्याची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 2000 साली अमेरिकेतील मेरीलँडच्या संशोधकांनी जुना लकवा असलेल्या 14 रुग्णांना दोन्ही हातांनी दोन मुठी मागेपुढे सरकवावयास लावल्या. ठोका यंत्राचा होता. सहा आठवड्यांत हातांत सुधारणा दिसली. पुढे ढकलणे, मागे ओढणे आणि कानात ठोका! ज्याने घरोट पाहिले आहे त्याला यात ओळखीचे काही सापडल्यावाचून राहणार नाही. 2007 साली जर्मनीत 20 रुग्णांनी तीन आठवडे पियानोच्या पट्ट्या व ढोलाच्या गाद्या वाजविल्या. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या 20 जणांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला.

येथे सावध राहिले पाहिजे. जर्मनीतील वादकांना नेहमीच्या उपचारांवर हा सराव जादा मिळाला होता. मेरीलँडची पद्धत 2011 साली 111 रुग्णांवर, तेवढाच वेळ साधा व्यायाम करणाऱ्यांशी तुलना करून पाहिली, तेव्हा दोघांची सुधारणा सारखीच भरली. 2017 साली 29 चाचण्यांतील 775 रुग्णांचा आढावा निघाला. त्यात चालण्याच्या बाबतीत तालाचा लाभ बराच स्पष्ट दिसला, हाताच्या बाबतीत पुरावा तोकडा ठरला. म्हणून अमुक राग ऐकला की लकवा जातो, असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. गुण ऐकण्यापेक्षा करण्यात आहे, आणि लय त्या करण्याची सोबतीण आहे.

सोबतीण लहान नसते. धुळ्यास 1988 साली आणि जळगावास 2018 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. पहिल्या साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविण्याचे औषध देता येते. पण त्यानंतरचे महिने रुग्ण घरीच काढतो, आणि रोजच्या सरावाचा कंटाळा त्याला तेथेच गाठतो. कोणी उत्साहाने त्याला घरोटावर बसवू नये. लुळा हात ओढल्याने खांदा दुखावतो. व्यायामतज्ज्ञाने जी हालचाल नेमून दिली असेल तीच करावी. मात्र ती करताना घरातील कोणी समोर बसून त्याच्या ओळखीचे गाणे त्याच्या चालीने म्हटले, तर त्याला खर्च काहीच नाही. एके काळी खुंट्याला दुसरा हात लागला की दळण हलके होई. त्या दुसऱ्या हाताची गरज आज घराघरातील आजाऱ्यांना आहे, एवढेच आमचे सांगणे आहे.