तो झोपत नाहीये हो

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या धाकट्या भावाला सायकोसिसचा पहिला झटका आला. वय वीस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. शेजारचे आपल्याबद्दल कुजबुजतात, मोबाईलमधून आपल्यावर नजर ठेवली जाते, वगैरे. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी सोबत होतो. "नेमकं काय होतंय?" असं विचारल्यावर काकूंनी भासांबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "तो झोपत नाहीये हो. दीड महिना झाला." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढा मोठा आजार म्हटल्यावर झोप उडणारच की! आमच्या धंद्यात एरर लॉगच्या शंभर ओळी येतात, त्यातली एक खरी, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या. तसंच काहीसं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. काकूंच्या लॉगमध्ये झोपेची ओळ सगळ्यात वर होती. कुजबुज आणि मोबाईल त्यानंतर आले होते.

मग नेहमीप्रमाणे एक वीकेंड वाचण्यात गेला. मग दुसरा... माझी समजूत अशी होती की मनोविकारतज्ज्ञांनी झोपेकडे कधी लक्षच दिलं नसणार. ती पार चुकीची निघाली. लक्ष दिलं होतं, आणि भरपूर दिलं होतं. फक्त भलत्याच कामासाठी.

गोष्ट सुरू होते झुरिचमध्ये. तिथलं बुर्गहोल्झ्ली हे इस्पितळ म्हणजे त्या काळची मनोविकारशास्त्राची पंढरी. स्किझोफ्रेनिया हा शब्दच मुळी १९०८ साली तिथल्या प्रमुखांनी, ऑयगेन ब्लॉयलर यांनी घडवला. नाव मिळालं, पण इलाज मात्र नव्हता. आलेला रुग्ण बहुतेक वेळा तिथेच म्हातारा व्हायचा. १९०३ मध्ये व्हेरोनल आणि १९१२ मध्ये ल्युमिनल अशी झोपेची जालीम औषधं बाजारात आली होती. १९२० मध्ये याकोब क्लेसी नावाच्या तिथल्या डॉक्टरने ठरवलं की रुग्णांना नुसतं रात्रीपुरतं झोपवायचं नाही, सलग काही दिवस झोपवून ठेवायचं! सोम्निफेन नावाचं औषध टोचायचं, आणि खाण्यापुरतं, विधीपुरतं अर्धवट जागं करायचं. या प्रकाराला त्याने नाव दिलं डाउअरनार्कोझं, म्हणजे दीर्घ गुंगी.

क्लेसीने २६ जणांवर हे केलं. काहींमध्ये चांगली सुधारणा दिसली. आणि तिघं दगावले.

२६ पैकी ३. आज कुठलीही समिती पहिल्या मृत्यूलाच हे थांबवेल. तेव्हा मात्र ही पद्धत युरोपभर पसरली, कारण आधी हातात काहीच नव्हतं आणि आता 'काहीतरी' होतं. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा...) खुद्द क्लेसीचा असा दावा नव्हताच की झोपेने आजार बरा होतो. त्याचं म्हणणं वेगळं होतं. गुंगीतला माणूस लहान मुलासारखा परावलंबी होतो, नर्सेस आणि डॉक्टर त्याच्या उशाशी बसतात, त्याला भरवतात, पुसतात. त्यातून एक नातं तयार होतं, आणि वर्षानुवर्षं कुणाशी न बोललेला माणूस बोलायला लागतो. थोडक्यात, औषध झोपेचं होतं आणि गुण बहुधा माणसाच्या सहवासाचा. मला हे वाचून फार विचित्र वाटलं. रुग्णाशेजारी चार दिवस बसायला त्याला आधी बेशुद्ध का करावं लागलं?

याच सुमारास आपल्याकडे वेगळंच चालू होतं. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची चाल इथे जुनी. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असंच म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर रीतसर लेख छापला. भुकटी दिली की रुग्णाला झोप लागते, रक्तदाब उतरतो, आक्रस्ताळेपणा कमी होतो, अशी त्यांची नोंद. भारताबाहेर कुणी फारसं वाचलं नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, तोही रक्तदाबावर, तेव्हा कुठे जग जागं झालं. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइनने न्यूयॉर्कजवळच्या इस्पितळात ते मनोरुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं.

पण तोवर पॅरिसने बाजी मारली होती. १९५२ मध्ये सेंट-ॲन इस्पितळात ज्याँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं. हे औषध त्यांच्यापर्यंत आलं ते एका नौदल सर्जनकडून. आंरी लाबोरीला ते शस्त्रक्रियेच्या वेळी हवं होतं, शरीर थंड ठेवून एक प्रकारची कृत्रिम शीतनिद्रा आणायला. म्हणजे इथेही मूळ कल्पना झोपेचीच! दले आणि देनिकेरने मात्र झोपेची बाकीची औषधं काढून टाकली आणि हे एकटंच दिलं. रुग्ण शांत झाले, पण जागे होते. विचारलं तर उत्तर देत होते. तीस वर्षं सगळे समजत होते की शांत करायचं तर झोपवावं लागतं, आणि इथे ते दोन धागे पहिल्यांदा वेगळे झाले.

एखाद्याला वाटेल, आता दीर्घ गुंगीचं प्रकरण संपलं असेल. छे! सिडनीच्या चेम्सफर्ड नावाच्या खाजगी इस्पितळात हॅरी बेली नावाचा डॉक्टर १९६० च्या दशकापासून १९७९ पर्यंत लोकांना भरमसाट बार्बिट्युरेट्स देऊन दिवसेंदिवस गुंगीत ठेवत होता. नैराश्य, व्यसन, काहीही असो, इलाज तोच. चोवीसएक माणसं मेली. रॉयल कमिशनचा अहवाल यायला १९९० उजाडलं. क्लेसीकडे निदान दुसरा पर्याय नव्हता. बेलीला तो बहाणाही नाही.

दुसऱ्या एका वाटेने गेलेले लोक मला जास्त आवडले. वेडा म्हणजे जागेपणी स्वप्न पाहणारा माणूस, ही कल्पना कांटपासून चालत आलेली. १९५३ मध्ये शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी रेम झोप शोधली, म्हणजे डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं पडतात ती अवस्था. लगेच विचार आला की स्किझोफ्रेनियात हीच स्वप्नं फुटून दिवसात सांडत असतील का? क्लाइटमनचा विद्यार्थी विल्यम डिमेंटने सरकारी मनोरुग्णालयात रात्री जागून मोजमाप केलं. १९५५ चा निकाल असा की रुग्णांची रेम झोप चारचौघांसारखीच. इतकी सुंदर कल्पना, आणि एका लेखात आटोपली. त्यानंतर झोप पुन्हा लक्षणांच्या यादीत जाऊन बसली, तळाशी कुठेतरी.

आणि त्या यादीतून तिला काढलं कुणी? एका डोळ्याच्या अभ्यासकाने. ऑक्सफर्डचे रसेल फॉस्टर डोळा आणि शरीराचं घड्याळ यांवर काम करतात. त्यांनीच सांगितलेला किस्सा आहे. एका मनोविकारतज्ज्ञाशी लिफ्टमध्ये बोलणं निघालं, आणि तो म्हणाला की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नोकरी नसते, म्हणून ते रात्री उशिरा झोपतात आणि दिवसा उशिरा उठतात. संपलं! फॉस्टर यांना हे पटेना.

यापुढे जे झालं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. काटरीना वुल्फ आणि फॉस्टर यांच्या गटाने २० रुग्ण घेतले, आणि तुलनेला २१ निरोगी माणसं. पण कशी? बेरोजगार! नोकरी नसणं हेच कारण असेल तर दोन्ही गटांची झोप सारखीच बिघडलेली दिसायला हवी. यालाच आम्ही डीबगिंग म्हणतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. सहा आठवडे मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधून हालचाली मोजल्या. २०१२ मध्ये निकाल छापला. बेरोजगार पण निरोगी लोक बऱ्यापैकी वेळेवर झोपत आणि उठत होते. रुग्णांमध्ये मात्र निम्म्यांचं घड्याळ जगाशी जुळतच नव्हतं. कुणाचं रोज थोडं थोडं पुढे सरकत होतं, कुणाचं पार उलटं. औषधांनी त्याचा उलगडा होत नव्हता, आणि नोकरी नसण्याने तर नाहीच.

लिफ्टमधल्या त्या एका वाक्याने किती लोकांना आळशी ठरवलं असेल कुणास ठाऊक. आपल्या घरांत तर हे रोज चालतं. "अकरा वाजले तरी लोळत पडलाय", "रात्रभर मोबाईल बघतो मग काय होणार"... मित्राच्या घरी मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझाही आवाज होता.

खरं तर रुग्ण सांगतच होते. अमेरिकेत १९८० मध्येच हर्झ आणि मेल्व्हिल यांनी रुग्ण आणि नातेवाईक दोघांनाही विचारलं होतं की आजार उलटण्याआधी काय बदलतं. झोप बिघडणं त्या उत्तरांत अगदी वर होतं. २००४ मध्ये इस्रायलमधल्या १४५ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांची झोप वाईट, ते स्वतःच्या जगण्यालाही कमी प्रतीचं म्हणतात. आणि हे फक्त नैराश्यामुळे किंवा औषधांच्या त्रासामुळे होतंय असंही नव्हतं. 'जगण्याची प्रत' हा शब्द मला आधी सरकारी वाटायचा. पण विशीतल्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी साधा आहे. सकाळच्या लेक्चरला पोचता येतं का? मित्रांचा फोन येतो तेव्हा तुम्ही जागे असता का? हे बुडलं की कॉलेज जातं, मग मित्र जातात, आणि भास थांबले तरी परत जायला जागा उरत नाही. मेलबर्नला १९९२ मध्ये पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी तरुणांसाठी, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी वेगळं केंद्र काढलं ते याच काळजीने. पहिली काही वर्षं हातची गेली की पुढचं सगळं अवघड.

मग झोप हीच दुरुस्त केली तर? ऑक्सफर्डच्याच डॅनिअल फ्रीमन यांनी २०१५ मध्ये ५० रुग्णांवर छोटी चाचणी छापली. सगळ्यांना भास किंवा भ्रम होते आणि निद्रानाशही. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत झोपेसाठी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी दिली. उठायची वेळ पक्की करणं, दिवसा काहीतरी हालचाल, अंथरूण फक्त झोपेसाठी, अशा गोष्टी. बारा आठवड्यांनी त्यातल्या ४१% लोकांचा निद्रानाश गेला होता, दुसऱ्या गटात ४%. भ्रमांवर नेमका किती परिणाम झाला हे एवढ्या छोट्या चाचणीतून ठरवता आलं नाही. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतले निद्रानाश असलेले ३७५५ विद्यार्थी घेतले. झोप सुधारली तशी संशयी वृत्ती आणि भाससदृश अनुभवही थोडे कमी झाले. फार नाही, पण झाले. (हे विद्यार्थी बहुतांशी रुग्ण नव्हते हे लक्षात ठेवायला हवं. आणि चार रात्री जागलात म्हणून तुम्हाला सायकोसिस होत नाही, रिलीजच्या आठवड्यात उगाच घाबरू नका.)

कारण आणि परिणाम असं सरळ कुणी सांगू शकत नाही. आजार झोप बिघडवतो, बिघडलेली झोप आजाराला खतपाणी घालते, आणि वरून औषधंही आपला हिशोब मांडतात. काही औषधांनी माणूस बारा-चौदा तास झोपतो, आणि मग ती झोपसुद्धा त्याचा दिवस खाते.

मित्राच्या भावाचं हेच झालं. भास दोन-तीन महिन्यांत ओसरले, पण रात्री अकराची गोळी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठू देईना. एक वर्ष गेलं. शेवटी काकूंनीच वहीत महिनाभर तो कधी झोपला, कधी उठला ते लिहून काढलं आणि नवीन डॉक्टरांपुढे ठेवलं. या बाईंनी ती वही पहिल्या पानापासून वाचली. गोळीची वेळ अलीकडे आणली, हळूहळू मात्राही कमी केली, आणि त्याला विचारलं की तुला किती वाजता उठायला आवडेल. मित्र सांगत होता, हा प्रश्न त्याला वर्षभरात कुणी विचारलाच नव्हता.

तो म्हणाला, साडेसहा. कॉलेजची बस सव्वासातला असते.