फिरंगी पात्यांवरील छाप व कालनिर्णय
शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१७०८–१७४९) नावारूपास आलेले सरदार पिलाजी जाधवराव हे वाघोलीचे. त्या काळच्या मराठा सरदारांच्या वापरातील फिरंगेचा काल केवळ पात्यावरील छापावरून ठरविणे धोक्याचे होय. लांडग्याचा छाप मूळचा पासाऊचा. परंतु झोलिंगेनच्या कारागिरांनीही तो उचलला. १६ व्या शतकातील आंद्रेआ फेरारा याचे नाव तर त्याच्या पश्चात् कित्येक पिढ्या पात्यांवर उमटत राहिले. सबब, पाते अमुक काळाच्या आधीचे नव्हे, एवढेच छाप सांगतो. मूठ देशी, ती राळेने बसविलेली असल्यामुळे जुन्या पात्यास नवी मूठ सहज चढे. तिचा काल निराळाच शोधावा लागतो. दुरुस्तीच्या हौसेने पाते घासून लखलखीत करणारे छापच पुसून टाकतात. गंज तेल लावून सावकाश काढावा आणि छापाभोवतीची जागा शक्यतो तशीच ठेवावी.