इषाऱ्याचे दिवे

कळंबसारख्या किनाऱ्यावरील गांवांतून माल घेऊन शहराकडे निघणाऱ्या डिझेल टेंपोंत चालकासमोर जे दिवे लागतात, त्यांनाहि इतिहास आहे. रुडॉल्फ डीझेल यांचें एंजिन १८९७ मध्यें यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत इंधन आपोआप पेटतें. म्हणून थंड एंजिनास ऊब देणारी तार आली आणि तिच्यासाठीं वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा आला. तो विझल्यावरच एंजिन सुरू करावें. पुण्याच्या बजाज टेंपोच्या ‘मॅटॅडोर’च्या काळीं असे दिवे मोजकेच होते. पुढें १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांस काजळीची गाळणी बसली आणि ती तुंबल्याचा दिवाहि त्यांत आला.

दिवे वाढले, तरी रंगांची भाषा सोपीच राहिली. पिवळा म्हणतो, ‘लवकर तपासा’; लाल म्हणतो, ‘थांबा’. तेलाच्या झारीचा लाल दिवा तेल किती उरलें हें सांगत नाहीं, तर त्याचा दाब गेल्याचें सांगतो. तशांत गाडी पुढें दामटली, तर एंजिन जाम होतें आणि एका कुटुंबाची रोजी बुडते. माल उशिरां पोंचला तरी चालेल; लाल दिव्याचा शब्द मोडूं नये.