एका नृत्यगीताची कुळकथा

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि राज्यक्रांत्या, अशी ज्यांची समजूत आहे त्यांस प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आश्चर्य वाटेल. कित्येकांस कदाचित् खेदहि होईल. एका हिंदी चित्रपटांतील नाचाच्या गाण्यावर एखाद्या प्राध्यापकानें इतकी शाई कां खर्च करावी, असें ते विचारतील. माझें उत्तर इतकेंच कीं, समाजाची अभिरुचि हीहि राजसत्तेप्रमाणें एका हातांतून दुसऱ्या हातांत जात असते, आणि तसें होतांना पुष्कळ घरांत लहानमोठे तंटे होतात. १९८० सालच्या 'कुर्बानी' या चित्रपटांतील 'आप जैसा कोई' हें गाणें अशाच एका सत्तांतराचा दस्तऐवज आहे. तो तंटा आमच्याहि घरीं झाला होता.

त्या वर्षीं मी दहा वर्षांचा होतों आणि माझी थोरली बहीण पंधरा वर्षांची होती. दुबईस नोकरीला असलेल्या आमच्या मामांनीं सुट्टींत येतांना एक टू-इन-वन आणि चारदोन कॅसेटी आणल्या. त्यांत हें गाणें होतें. ताई तेव्हां शेजारच्या मास्तरांकडे पेटीवर गाणें शिकत असे. तिनें तें गाणें दोन दिवसांत उचललें, आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं, वडील कचेरींतून परत आले त्या वेळीं, ती तें मोठ्यानें म्हणत होती. वडील रागीट नव्हते. उलट बालगंधर्वांच्या पदांत आणि भीमसेनांच्या ख्यालांत रमणारे, रसिक गृहस्थ होते. त्यांनीं शांतपणें यंत्र बंद केलें आणि म्हणाले, "ठेका परक्याचा, आवाज यंत्राचा, आणि गळ्याला तालीम नाहीं. हें गाणें नव्हे, बाळ." पुढील महिन्यापासून ताईची शिकवणीहि थांबली. गाणें शिकून मुलगी जर याच वाटेनें जाणार असेल, तर न शिकलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता.

वडिलांचे ते तीन आक्षेप पुढें वीस वर्षें मीं स्वतःचे म्हणून वर्गांत बोलून दाखविले. ते तपासून पाहण्याची बुद्धि मला फार उशिरां झाली. ती तपासणी येथें मांडतों.

प्रथम गाण्याची जन्मकथा. 'कुर्बानी'चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक फिरोज खान. चित्रपटाचें संगीत कल्याणजी-आनंदजी यांचें. परंतु झीनत अमान हिच्यावर चित्रित व्हावयाच्या या एका गाण्यासाठीं फिरोज खान यांनीं निराळीच योजना केली. लंडनमधील एका मेजवानींत त्यांस नाझिया हसन नांवाची एक शाळकरी मुलगी भेटली. तिचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजीं कराची येथें झालेला, आणि बालपण कांहीं कराचींत, कांहीं लंडनमध्यें गेलेलें. तिच्या आवाजाची परीक्षा घेण्याचें काम त्यांनीं बिद्दू यांच्यावर सोंपविलें. बिद्दू अप्पय्या हे मूळचे बंगळूरचे. तरुणपणीं हातांत गिटार घेऊन ते इंग्लंडला गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. १९७४ सालीं कार्ल डग्लस या गायकाकडून त्यांनीं गाऊन घेतलेलें 'कुंग फू फायटिंग' हें गाणें ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें. गंमत अशी कीं, तें मुळांत तबकडीच्या दुसऱ्या बाजूस भरती म्हणून, स्टुडिओचा उरलेला थोडासा वेळ वापरून उरकलेलें होतें! अशा माणसाकडे 'कुर्बानी'चें तें एक गाणें आलें. शब्द इंदीवर यांचे, गळा एका पाकिस्तानी मुलीचा, चाल एका बंगळूरकराची, ध्वनिमुद्रण लंडनचें आणि चित्रपट मुंबईचा, असा हा पंचमेळ होता.

आतां पहिला आक्षेप : ठेका परक्याचा. हें अक्षरशः खरें आहे. आपल्या केरव्याच्या आठ मात्रांत सम असते, खाली असते. वजन कोठें पडतें आणि कोठें उचललें जातें, हें ऐकणाऱ्यास कळतें. डिस्कोच्या ठेक्यांत मोठा ढोल चारी मात्रांवर सारखाच आघात करतो. तेथें समेची वाट पाहावी लागत नाहीं. ज्याला तालाचें कांहींच ज्ञान नाहीं त्याचेंहि पाऊल चुकूं नये, हाच त्याचा हेतु. हा ठेका न्यूयॉर्कच्या रात्रीच्या नृत्यगृहांत वाढला, आणि तेथें प्रथम नाचले ते मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोक, म्हणजे ज्यांस इतरत्र मान नव्हता असे लोक. परंतु परकेपणाचा हा नियम आपण इतरत्र पाळला आहे काय? बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, १८८० सालीं, अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यांत पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा संगीत खेळ पाहिला आणि त्याच वर्षीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्या परक्या ठिणगीवर मराठी संगीत नाटकाचा दिवा लागला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनीं १९४७ सालच्या 'शहनाई'त आणि १९५१ सालच्या 'अलबेला'त पाश्चात्य नाचाचे ठेके हिंदी गाण्यांत असे मिसळले कीं आज ते कोणास परके वाटत नाहींत. आणि ते वाजविणाऱ्यांत पाश्चात्य स्वरलिपि शिकलेले गोंयकार वादक मोठ्या संख्येनें असत. फार काय, ज्या पेटीवर माझी बहीण सरगम घोटीत असे, त्या पेटीचें कूळ तरी कोणतें? पॅरिसच्या देबँ नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांत उभें केलें नाहीं. आणि १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर तर चित्रपटगीतांनाच तेथून जवळजवळ हद्दपार व्हावें लागलें. श्रोत्यांनीं काय केलें? त्यांनीं कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविधभारती सुरू करून सरकारनें तो कांटा परत आणण्याचा प्रयत्न केला. आमच्या वडिलांस पेटी स्वकीय वाटत होती, याचें कारण ती त्यांच्या जन्मापूर्वींच घरांत आली होती.

दुसरा आक्षेप यंत्राचा. त्या काळीं मुंबईच्या स्टुडिओंत गायक आणि वादकांचा मोठा ताफा यांचें मुद्रण बहुधा एकत्रच होई. एखाद्याचा सूर चुकला तर सर्वांस पुन्हा आरंभापासून गावें-वाजवावें लागे. लंडनमध्यें बिद्दूंनीं बहुपट्टी मुद्रणाचा उपयोग केला. म्हणजे ढोल, तंतुवाद्यें, गळा हीं निरनिराळ्या पट्ट्यांवर घेऊन मागाहून एकत्र जुळविलीं. शिवाय नाझियाचा आवाज तिच्याच आवाजावर क्षणाच्या सूक्ष्म अंशानें मागें ठेवून पुन्हा बसविला. त्यामुळें एकच मुलगी गात असूनहि दोघी गातात असा भास होतो, आणि कोंवळ्या गळ्याला एक चकाकी येते. ही लबाडी आहे काय? लबाडी म्हणावी, तर १९०२ सालीं गौहरजाननें कर्ण्यापुढें उभें राहून दोन-तीन मिनिटांत ख्याल आटोपला, तेव्हांपासून ती चालूच आहे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवरील मुद्रण आलें नसतें, तर ज्या नाजूक, बारीक आवाजांवर आमची पिढी वाढली, ते आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंतसुद्धां पोहोंचले नसते. यंत्र हें गाण्याच्या बाहेर केव्हांच नव्हतें. प्रत्येक पिढीस फक्त स्वतःच्या काळचें यंत्र दिसत नाहीं, इतकेंच.

तिसऱ्या आक्षेपापुढें मात्र मी मान लववितों. नाझियाच्या गळ्याला तालीम नव्हती, आणि ती होती असें भासविण्याचा यत्नहि बिद्दूंनीं केला नाहीं. १९८० सालचें फिल्मफेअर पारितोषिक 'मीरा' चित्रपटांतील मीराबाईच्या भजनासाठीं वाणी जयराम यांस मिळालें होतें. तें संगीत पंडित रविशंकरांचें आणि गळा रीतसर शिकलेला. पुढच्याच वर्षीं तेंच पारितोषिक पंधरा वर्षांच्या नाझियास मिळालें. या दोन नांवांमधील अंतर एका वर्षाचें नव्हे, एका युगाचें आहे. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लताबाईंनीं १९६९ च्या सुमारास, आणि आशाबाईंनीं १९७९ नंतर, नव्या गळ्यांस वाव मिळावा म्हणून या पारितोषिकाच्या स्पर्धेंतून आपण होऊन अंग काढून घेतलें होतें. मंगेशकर भगिनींनीं मोकळ्या केलेल्या त्या जागेवर ही मुलगी येऊन उभी राहिली. तिच्या गाण्यांत तान नाहीं, मुरकी नाहीं. पण पंधरा वर्षांच्या मुलीचें कुतूहल आणि निर्भयपणा त्यांत आहे, आणि तोंवर हिंदी चित्रपटांत तरुण नायिकेच्या तोंडीं प्रौढ, कसलेला गळाच ऐकूं येत असे. तालमीनें जें येतें तें येथें नाहीं हें खरें. परंतु तालमीनें जें जातें, तें येथें आहे.

गाण्याच्या स्वागताची हकीकत तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क या क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत, डिस्कोच्या तबकड्यांची रास सुरुंगानें उडविण्यांत आली. जमाव मैदानांत घुसला आणि यजमान संघास दुसरा सामना सोडून द्यावा लागला. ज्या देशांत हें संगीत जन्मलें त्या देशानें त्याची अशी होळी केली, आणि एक वर्षाच्या आंत मुंबईनें त्याचें बारसें केलें! पुढें १९८१ सालीं नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांची 'डिस्को दीवाने' ही गीतमाला निघाली. तिच्या पाठीशीं चित्रपट नव्हता, नायक-नायिका नव्हत्या. तरीहि ती घरोघर वाजली, आणि चित्रपटावांचून लोकप्रिय गाणें जगूं शकतें हें व्यापाऱ्यांस कळलें. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'नें तोच ठेका थेट सोव्हिएट रशियापर्यंत नेला. तिकडे पाकिस्तानांत झिया-उल-हक यांच्या कडक राजवटींतहि मुलें हीं गाणीं ऐकतच होतीं. १९८९ सालीं तेथील दूरदर्शनवर या बहीणभावंडांनीं तरुण गायकांचा 'म्युझिक ८९' हा कार्यक्रम सादर केला, तेव्हां धर्ममार्तंडांनीं त्यावर टीकेचें मोहोळ उठविलें. ते आक्षेप कोणते होते, हें वाचकांस सांगावयास नको. आमच्या ओसरीवरचेच आक्षेप थोडे कठोर भाषेंत तेथें उच्चारले गेले.

नाझियानें पुढें लंडनला कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघांत काम केलें, अमली पदार्थांच्या विरुद्ध चळवळ केली. गाणें तिनें लौकरच मागें टाकलें. १३ ऑगस्ट २००० रोजीं, अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, कर्करोगानें लंडन येथें तिचें निधन झालें.

ती बातमी वर्तमानपत्रांत आली त्या दिवशीं ताईचा मला दूरध्वनि आला. ताईचेंहि तेंच वय. दोन मुलें, सुखाचा संसार. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ती म्हणाली, "नाझिया गेली रे. पस्तीसच वर्षांची होती. पण तिला गाऊं तरी दिलें." मी गप्प राहिलों. वडिलांची बाजू घेऊन बोलण्याची माझी वीस वर्षांची सवय त्या एका वाक्यानें मोडली.

वडील तेव्हां हयात नव्हते. असते तरी या लेखानें त्यांचें मत बदललें असतें असें मला वाटत नाहीं, आणि बदलावेंच असा माझा आग्रहहि नाहीं. बालगंधर्वांवर प्रेम करणाऱ्या माणसास हें गाणें थिटें वाटावें, हें स्वाभाविक आहे. मलाहि तें मोठें गाणें वाटत नाहीं. त्यांची चूक गाण्याची किंमत ठरविण्यांत नव्हती. त्या किमतीचा दंड एका मुलीच्या पेटीवर बसविण्यांत होती. आज त्याच गाण्याचा नवा अवतार २०२२ सालच्या 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो' या चित्रपटांत ऐकून कपाळास आंठ्या घालणारे माझे समवयस्क मित्र मला भेटतात, आणि म्हणतात, "मूळ गाण्याची सर याला नाहीं; हा सगळा यंत्राचा खेळ!" मी त्यांस कांहीं बोलत नाहीं. त्यांच्या घरीं पंधरा वर्षांची कोणी नात किंवा मुलगी आहे काय, आणि ती सध्यां काय गुणगुणते, एवढेंच विचारतों.