उपाहारगृहाचा उंबरठा

कोल्हापुरात आज खवय्यापुढे प्रश्न असतो तो निवडीचा : झणझणीत मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा वाढणारी खाणावळ, की उडप्याकडचा डोसा? या वैविध्याचे कौतुक करताना त्यामागचा जुना प्रश्न नजरेआड होतो. आत येऊन बसण्याचा अधिकार कोणाला होता?

रोटीबंदी हा जातिव्यवस्थेचा एक कणा. त्यामुळे परक्याच्या हातचे, परक्याशेजारी बसून खाणे हे सामाजिक धारिष्टच होते. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास हुकुमाने मनाई केली. पण केवळ हुकुमाने विटाळ मनातून जात नाही. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. तेथे ते स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावत. जे कायद्याला साधले नसते, ते राजाच्या हातातील कपाने साधले.

पुढे १९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख केला. तरीही दलित आत्मकथनांतून अस्पृश्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशा भेटत राहतात. म्हणूनच शहराच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना पदार्थांइतकीच पंगतही तपासावी लागते.