६५ मेंढ्यांची पावती



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या संशोधन आराखड्यात एक वाक्य होतं : ‘इजिप्त जिंकल्यावर अरबांनी तिथली जुनी राज्यव्यवस्था मोडून नवी इस्लामी व्यवस्था उभी केली.’ गाईडनी त्याखाली लाल पेनने एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ मी एम.एस्सी. केमिस्ट्री करून इतिहासाकडे वळलेलो. मला वाटलं, पुस्तकात आहे की! पुस्तक उघडलं, तर तिथेही दुसऱ्या पुस्तकाचा हवाला. आराखडा परत आला आणि माझे पुढचे काही महिने त्या एका शब्दामागे गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी बघू. पैगंबर मुहम्मद ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला गेले. ही हिजरत, आणि हिजरी सन तिथून मोजतात. ६३२ मध्ये त्यांचं निधन झालं. ६३९ च्या शेवटी सेनापती अम्र इब्न अल-आस इजिप्तमध्ये शिरला आणि ६४१ मध्ये अलेक्झांड्रिया शहराने शरणागतीचा करार केला. हा प्रांत तोपर्यंत बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा, आणि तिथली सरकारी भाषा ग्रीक.

या विजयांची सविस्तर हकीकत देणारे अल-बलाधुरी आणि अल-तबरी हे इतिहासकार अनुक्रमे ८९२ आणि ९२३ मध्ये वारले. म्हणजे घटनेपासून साधारण अडीचशे वर्षं लांब. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. त्यांनी जुन्या नोंदी वापरल्या, आणि अल-तबरी तर कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळीही देतो. पण रोजचा कारभार कसा चालायचा हे बघायचं तर त्याच दिवसाचा कागद हवा.

असा एक कागद आहे, खरं तर पपायरस. नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेलं हे लेखनसाहित्य इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिलं. आज तो व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अभ्यासक त्याला ‘पीईआरएफ ५५८’ म्हणतात. आणि त्यावर काय आहे? ६५ मेंढ्या मिळाल्याची पावती!

अब्दुल्ला नावाचा अरब अमीर हेराक्लिओपोलिसच्या दोन स्थानिक अधिकाऱ्यांना, ख्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस यांना, लिहून देतो की माझ्या लोकांच्या जेवणासाठी ६५ मेंढ्या मिळाल्या, त्याहून जास्त नाही. सुरुवात देवाच्या नावाने. वर ग्रीक मजकूर, खाली अरबी. ग्रीक भाग लिहिणारा योहान हा चर्चचा डीकन. मागच्या बाजूला नोंद आहे की या मेंढ्या कराच्या रकमेत धरल्या जातील.

आता एकेक मुद्दा पाहू.

पहिला, तारीख. अरबी मजकुरात जुमादा-अल-अव्वल महिना आणि नुसतं ‘वर्ष २२’ आहे; ‘हिजरी’ हा शब्द नाही. ग्रीक मजकुरात इजिप्शियन महिन्याचा दिवस आणि रोमन करचक्रातलं पहिलं वर्ष. हे चक्र १५ वर्षांनी फिरून येतं, म्हणून एकट्याने पुरत नाही. पण दोन्ही जुळवल्या की २५ एप्रिल ६४३ निघते. लॅबमध्ये आपण एक उपकरण दुसऱ्याशी ताडून बघतो, अगदी तसंच. नवा सन इतक्या लवकर वापरात होता, हे इथे सिद्ध होतं.

दुसरा, लिपी. अरबी अक्षरांवरचे नुक्ते सातव्या शतकाच्या शेवटी आले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. या पावतीत काही अक्षरांवर नुक्ते आहेत. एका कागदाने ती समजूत दुरुस्त करावी लागते.

तिसरा, माझं वाक्य. करारानंतर दीड वर्षाने अधिकारी तेच, करचक्र तेच, लेखनिक ख्रिस्ती. मोडलं काय मग? वरचा मालक बदलला आणि शेजारी अरबी भाषा आली, इतकंच दिसतं. खरा बदल सावकाश झाला. खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात (६८५–७०५) दफ्तरं अरबीत जाऊ लागली. ६९६–९७ मध्ये चित्र नसलेला, फक्त अरबी मजकुराचा सोन्याचा दिनार निघाला. तोवर बायझंटाइन आणि इराणी नाण्यांच्या नकला चालत होत्या.

पावतीची मर्यादाही लक्षात ठेवा. मेंढ्या देणाऱ्याने त्या खुशीने दिल्या की नाइलाजाने, हे ती सांगत नाही. एका जिल्ह्यावरून सगळ्या साम्राज्याचा निष्कर्षही काढता येत नाही.

तुम्ही आराखडा लिहायला बसाल, तेव्हा प्रत्येक मोठ्या वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा : हे कोणी नोंदवलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कशासाठी. पावती लिहिणाऱ्याला इतिहास घडवायचा नव्हता, हिशेब चुकू द्यायचा नव्हता. म्हणूनच ती इतकी कामाची.

माझं सुधारलेलं वाक्य असं झालं : ‘६४३ मध्ये हेराक्लिओपोलिसमध्ये अरब अंमल जुन्याच महसूल यंत्रणेतून चालत होता.’ पहिल्याइतकं दणदणीत नाही. पण या वेळी लाल पेन फिरला नाही.