शिवडीचं बिऱ्हाड खडकीला

खडकीच्या वॉर सिमेट्रीत पहिल्यांदा येणारा मराठी माणूस हटकून विचारतो, ही माणसं १८१७ च्या लढाईतली का? नाहीत. पेशव्यांशी या थडग्यांचा काडीचा संबंध नाही. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायम देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथले दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणून पुरण्यासाठी ही जागा झाली. अशी १,६६८ थडगी आहेत. आवारातच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर १,८०० हून अधिक नावं.

त्या नावांतला एक आकडा वाचला आणि मी कर्जतकर तिथेच अडकलो. ६२९. एवढ्यांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणून पुन्हा पुरले. म्हणजे हे आमच्या दारावरून गेले! शिवडीहून खडकीला जाताना बोरघाट चुकवून कुठे जाल? रुळांनी गेलात तर कर्जत, डांबरी रस्त्याने गेलात तर खालापूर-खोपोली.

लष्करी काम म्हणजे ट्रकच, असं खोपोलीकर छातीठोकपणे सांगतात. मला नाही पटत. शिवडी रुळांवर, खडकीला स्वतःचं स्टेशन, आणि तोंडावर पावसाळा. घाटात ताडपत्री बांधलेले ट्रक कोण काढील? वॅगनच असणार. मग कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली असणार. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, बँकरशिवाय गाडी वर जात नसे. बँकर भिडताना डब्यांना एक हलका धक्का बसतो. फलाटावर वड्याचा घाणा चालू असतो, तो त्या दिवशीही असेल. पुरावा? नाही. खोपोलीकरांकडेही नाही.

यात गंमत अशी की १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचा दंडक होता, सैनिक जिथे पडला त्याच मुलखात त्याला पुरायचं, घरी न्यायचं नाही. घरी नेलं नाहीच. शहर मात्र बदललं.

पण इतके सैनिक शिवडीत आलेच कसे? माझ्या मते उत्तर बसऱ्याकडे आहे. मुंबई हे पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेचं मागचं दार. जखमी इथे उतरत. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत तेव्हा लष्करी इस्पितळ होतं. त्या मोहिमेत पुणे डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत इथे ती डिव्हिजन शरण गेली.

शिवडीहून आलेल्या ६२९ जणांची नावं खडकीच्या स्मारकात धरली आहेत. त्याच मोहिमेच्या बसऱ्यातल्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे नुसते आकडे.